धालसिमच्या हातांइतकीच काळजी त्याच्या देशाचीही घ्या

प्रति,
श्री. ताकायुकी नाकायामा, श्री. शुहेइ मात्सुमोतो
आणि 'स्ट्रीट फायटर' या लढतीच्या व्हिडिओ गेमच्या पुढच्या भागावर काम करणारे सर्वजण,
कॅपकॉम, ओसाका, जपान

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र एकाच पात्राबद्दल आहे. 1991 साली 'स्ट्रीट फायटर 2'च्या पहिल्या पडद्यावर आठ चेहरे होते, त्यांतला एक, धालसिम, आमच्या भारताचा होता आणि त्याचे हात अर्ध्या पडद्यापलीकडे लांबत. 2023 च्या 'स्ट्रीट फायटर 6'मध्ये तो पहिल्या दिवसापासून आहे. मधल्या 32 वर्षांत आपण त्याचे जे जे बदलले, त्यातला बराचसा भाग आम्हाला मनापासून आवडतो. काही भाग मात्र तसाच राहून गेला आहे. पुढच्या भागाचे आराखडे कागदावर असतानाच हे बोलावे, कारण एकदा गेम बाजारात आला की पॅचमध्ये, म्हणजे नंतरच्या दुरुस्तीत, फ्रेम (फटक्याची वेळ मोजायचा सेकंदाचा साठावा भाग) बदलतात, माणूस बदलत नाही.

आधी त्याच्या खेळाबद्दल. धालसिम चालायला हळू, उडी तरंगती आणि वर जाऊन खाली यायला वेळ खाणारी. रियू किंवा केन या लढवय्यांसारखा झटक्यात वर जाणारा, कुणालाही अडवणारा शोर्युकेन त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे फक्त अंतर आहे. समोरच्याचा फटका पोचत नाही अशा जागी उभे राहून आपला फटका पोचवायचा, आणि ती जागा हातची जाऊ द्यायची नाही. त्याचा सगळा डाव एवढ्यावर उभा आहे. त्यामुळे त्याच्यात केलेला कुठलाही बदल आम्ही एकाच कसोटीवर घासतो: या भागात अंतर कोणाच्या ताब्यात आहे?

पहिल्या 'स्ट्रीट फायटर 2'मध्ये ते पूर्ण त्याच्या ताब्यात नव्हते. तिथे हात लांब जाणार की आखूड, हे खेळाडू ठरवत नसे. समोरचा किती जवळ आहे ते पाहून गेम ठरवी. सीमारेषेवर हीच मोठी अडचण. जवळचा गुडघा हवा म्हणून बटण दाबावे आणि पाय लांब निघून जावा, तोवर समोरचा उडी मारून डोक्यावर आलेला. लांबलेला हात परत यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात तो हातच मार खाऊ शकतो. त्याच गेमच्या 1994 च्या 'सुपर टर्बो' आवृत्तीत आपण एक लहानशी सोय दिली: जॉयस्टिक मागे धरून बटण दाबले तर कोणत्याही अंतरावरून आखूड फटका. दिसायला ही किरकोळ गोष्ट, पण आमच्या मते या पात्राच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा बदल. एका बटणाचे दोन फटके झाले आणि निवड खेळाडूच्या मनगटात आली. 'सुपर टर्बो'च्या जाणत्या खेळाडूंच्या यादीत धालसिम आजही वरच्या रांगेत असतो, त्यामागे या निवडीचा वाटा मोठा आहे.

या सोयीची एक किंमत आहे आणि नवीन खेळाडू तिथेच अडखळतो, म्हणून ती इथे नीट सांगतो. मागे धरणे म्हणजेच ब्लॉक करणे आणि मागे धरणे म्हणजेच माघार घेत चालणे. समोरचा पुढे येतोय, आपण मागे सरकतोय, आणि नेमका आत्ता लांब हात हवाय. अशा वेळी घाईत बटण दाबले की आखूड फटका निघतो, तो हवेत जातो आणि समोरचा दोन पावले आत येतो. करायचे असे, की बटणाच्या क्षणभर आधी दिशा सोडायची, जॉयस्टिक मध्यावर येऊ द्यायची आणि मगच दाबायचे. बटणांचा कंट्रोलर असेल तर मागचे बोट आधी उचलायचे. सराव करताना प्रतिस्पर्ध्याच्या पुतळ्याला पुढे चालत ठेवावे आणि फक्त एवढेच करावे: तीन पावले मागे, दिशा सोडा, मधला गुद्दा; पुन्हा तीन पावले मागे. दहातले नऊ वेळा लांब हात निघू लागला की मग बाकीचे शिकावे.

दुसरा एक बदल तितकाच शहाणपणाचा आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. जुन्या गेममध्ये 'योगा फायर' या आगीच्या गोळ्यासाठी जॉयस्टिकचे खालून पुढे पाव वर्तुळ आणि गुद्दा, तर 'योगा फ्लेम' या ज्वाळेसाठी मागून खालून पुढे अर्धे वर्तुळ आणि गुद्दा. अर्ध्या वर्तुळाच्या पोटात पाव वर्तुळ येतेच. सुरुवातीची मागची दिशा जरा निसटली की तोंडाजवळच्या ज्वाळेऐवजी गोळा सुटे आणि जवळ उभा असलेला माणूस त्यावरून उडी मारून मोकळा होई. 'स्ट्रीट फायटर 4'मध्ये फ्लेमचे अर्धे वर्तुळ उलटे, म्हणजे पुढून मागे, आहे. दोन्ही हालचाली वेगळ्या झाल्या आणि चूक जवळजवळ संपली. कृपा करून हे पुन्हा उलटवू नका.

गायब होऊन दुसरीकडे प्रकट व्हायचा 'योगा टेलिपोर्ट' पहिल्या गेममध्ये नव्हता. तो 'स्ट्रीट फायटर 2'च्या 1992 च्या 'हायपर फायटिंग' आवृत्तीत आला. दोन दिशा आणि तीन गुद्दे किंवा तीन लाथा, अशा चार जागा. हळू चालणाऱ्या माणसाला कोपऱ्यातून सुटायची वाट मिळाली. पुढे 'स्ट्रीट फायटर 4'मध्ये हवेतून टेलिपोर्ट करता येऊ लागला, तेव्हा सुटकेच्या वाटेचे हत्यार झाले: जमिनीवरून उठता उठता गायब व्हायचे आणि मागे प्रकट होऊन वरून लाथ घालायची. बचावाच्या पात्राला हल्ल्याची गोडी इथे लागली. याच भागात 'योगा कॅटास्ट्रॉफी' नावाचा मोठा, मुद्दाम हळू सरकणारा गोळा होता. तो पुढे पाठवायचा आणि आपण पाठीमागे प्रकट व्हायचे, की समोरचा दोघांच्या मध्ये.

पण 'स्ट्रीट फायटर 4'नेच अंतर त्याच्या हातून काढूनही घेतले. फोकस अटॅक हा सगळ्यांना मिळालेला डाव एक फटका अंगावर झेलू शके, आणि धालसिमचे लांब फटके एकेकच. समोरच्याने आपला हात झेलला, फोकस सोडून पुढे डॅश केला, म्हणजे झटकन पुढे सरकला, की तो आपल्या छातीशी. 'स्ट्रीट फायटर 2'मध्ये डॅशच नव्हता, त्यामुळे लांब हाताचा एक फटका म्हणजे समोरच्याचे एक पाऊल मागे, हा हिशेब पक्का होता. इथे तो मोडला. एकाच जागेवरून सलग दोनदा तोच हात मारणारा धालसिम या भागात हमखास मार खाई. उपाय होता तो वेळ बदलण्याचा. एक हात, मग थांबा, मग जमिनीलगत घसरणारी लाथ, मग काहीच नाही. याने खेळ अवघड झाला, पण वाईट झाला असे आम्ही म्हणणार नाही.

त्याआधीची एक पोकळीही सांगायला हवी. 1995 च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर अल्फा'मध्ये तो नव्हता, 'अल्फा 2'मध्ये आला, 'अल्फा 3'मध्ये राहिला. 'स्ट्रीट फायटर 3'च्या तिन्ही आवृत्त्यांत मात्र तो नाही. लांबणारे हात तिथे नेक्रो या पात्राला मिळाले. नेक्रो चांगलाच आहे, पण त्या मालिकेतली पॅरी, म्हणजे येणारा फटका नेमक्या क्षणी परतवणे, आणि धालसिमचे हात समोरासमोर कसे दिसले असते, हा प्रश्न तेव्हा तसाच राहिला. त्याचे उत्तर पुढे 'स्ट्रीट फायटर 6'च्या पॅरीत मिळाले.

2016 च्या 'स्ट्रीट फायटर 5'बद्दल आमच्यातच दोन मते आहेत. 'योगा फायर' सरळ जायचा थांबला, वर उडून कमानीसारखा खाली पडू लागला. 'योगा फ्लोट'ने तो हवेत थांबू लागला. 'योगा बर्नर' जमिनीवर काही काळ पेटत राही आणि त्या आगीच्या आडून धालसिम पुढे येई. एका मताने तो या भागात जिवंत झाला. दुसऱ्या मताने, सरळ गोळा गेला तेव्हा त्याचा कुंपणाचा खांबच गेला. सरळ गोळा समोरच्याला तीनच गोष्टी करू देतो, उडी मार, अडव किंवा गोळा फेक, आणि त्या तिन्हींची उत्तरे लांब हातांत आहेत. कमानीतून पडणारा गोळा फक्त ठरलेल्या जागी जाच करतो. त्याच्या अलीकडे उभा राहिलेला मोकळा असतो.

हा वाद आपणच 'स्ट्रीट फायटर 6'मध्ये मिटवलात आणि त्याबद्दल आपले मनापासून आभार. सरळ जाणारा 'योगा फायर' परत आला, कमानीचा 'योगा आर्च' वेगळा झाला, हवेतून सोडायचा 'योगा कॉमेट'ही आहे. तरंगणे राहिले. सुपर म्हणजे सर्वांत जोरदार डावांमध्येही 'सुपर टर्बो'चा 'योगा इन्फर्नो' आणि 'स्ट्रीट फायटर 5'चा 'योगा सनबर्स्ट' शेजारी शेजारी बसले. जुने टाकून नवे आणण्याऐवजी दोन्ही ठेवले आणि प्रत्येकाला वेगळे काम दिले. आजचा धालसिम या अर्थाने सर्वांत भरलेला आहे.

'स्ट्रीट फायटर 6'मधल्या ड्राइव्ह गेजमुळे, म्हणजे प्रत्येकाच्या ताकदीच्या सहा खणी पट्टीमुळे, त्याचे लांब हात पुन्हा अर्थपूर्ण झाले. समोरच्याने प्रत्येक हात ब्लॉक केला की त्याच्या सहा खणांतला थोडा भाग जातो. सहाही संपले की बर्नआउट, मग ब्लॉकवरही रक्त जाते आणि ब्लॉकमधून सुटायला 4 फ्रेम जास्त लागतात. लांब उभे राहून हे करता येणे म्हणजे धालसिमचा मूळ स्वभाव. उलट बाजूला तीन धोके आहेत. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका दोन फटके झेलून 26 फ्रेममध्ये पोचतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत. मधल्या अंतरावर आपला हात लांबलेला असताना तो आला तर धालसिम कोसळतो. नेमक्या 2 फ्रेमच्या खिडकीत जमलेली परफेक्ट पॅरी हात लांब असतानाच उलट शिक्षा देते. आणि पॅरीतून निघणारा ड्राइव्ह रश, म्हणजे पुढची वेगवान धाव, एकाच खणात सारे अंतर गिळतो. मोची यांच्यासारखे धालसिमचे खेळाडू या भागात पाहिले की लक्षात येते, त्यांचा हात किती वेळा निघतो यापेक्षा किती वेळा निघता निघता थांबतो हे महत्त्वाचे आहे.

आता खेळातल्या मागण्या. पुढच्या भागात नवी पद्धत कोणतीही आणा, पण ती आणताना धालसिमच्या लांब फटक्याला तिचे उत्तर काय, हे आधी ठरवा. हात जास्त वेगवान करू नका. वेग वाढला की चूक लपते आणि मग नुकसान कमी करून तोल साधावा लागतो. तो पुन्हा चिमटे काढणारा म्हातारा होतो. लांब हात परत येतानाची वेळ आणि त्याचा मार खाणारा भाग स्पष्ट ठेवा. सरावाच्या दालनात फ्रेम मीटर देऊन आपण मोठे काम केले आहे. त्याच्याच शेजारी शरीराचा कोणता भाग कधी उघडा असतो हे दाखवणारी सोय असावी. इतर पात्रांना ती उपयोगी, धालसिमला तर गरजेची, कारण त्याचे शरीर दर फटक्याला आकार बदलते.

मॉडर्न कंट्रोल या सोप्या बटणपद्धतीचे गाऱ्हाणे वेगळे लिहावे लागते. सहा बटणांची तीन झाली की कुणाचेही काही फटके जातात. पण ज्या पात्राच्या एकेका बटणाला लांब आणि आखूड अशी जोडी आहे, त्याचे जास्त जातात, आणि जातो तो नेमका 'सुपर टर्बो'ने दिलेला हक्क. नवा खेळाडू मॉडर्नवर धालसिम घेतो, दोन संध्याकाळ खेळतो आणि 'याला जवळचे काही येत नाही' म्हणून सोडून देतो. पुढच्या भागात सोप्या पद्धतीतही मागे धरून तिन्ही बटणांचे आखूड फटके पूर्ण द्या. एखादा खास डाव कमी दिला तरी चालेल.

इथून पुढे जे लिहितो आहोत ते त्याच्या देशाबद्दल. एवढा बारीक हिशेब ज्याच्या हातांचा ठेवला, त्याच्या अंगावरच्या वस्तूंचा तितका ठेवला गेला नाही.

गळ्यातल्या तीन कवट्या घ्या. गेमच्या कथेप्रमाणे त्या त्याच्या गावात साथीने दगावलेल्या मुलांच्या. हेतू करुणेचा आहे, हे आम्हाला समजते. पण आमच्याकडे कवट्यांची माळ दिसली की मनात स्मशानातला साधक येतो, कापालिक येतो, कालीची मूर्ती येते. धालसिम मात्र बायको-मुलाचा संसारी माणूस, अग्नीचा भक्त, आणि पहिल्या गेममध्ये त्याच्या मागच्या भिंतीवर गणपती, दोन्हीकडे हत्ती. या चार गोष्टी आमच्याकडे चार वेगळ्या दारांमागे राहतात. मेलेल्या लेकरांची हाडे गळ्यात बांधून हिंडणारा बाप आमच्या कोणत्याही गावाला उमजणार नाही. आठवण जपायचीच असेल तर मनगटातला काळा गोफ, मुलांच्या पायातले घुंगरू, वाळा, ताईत, असे कितीतरी आहे, आणि त्यातले काहीही कवटीपेक्षा काळजाला जास्त लागेल.

'स्ट्रीट फायटर 5'पासून त्याला पांढरी दाढी आणि डोक्याला वस्त्र आले, 'स्ट्रीट फायटर 6'मध्येही ते आहे. जुने टक्कल दुसऱ्या पोशाखात राहिले. वय झालेला धालसिम आम्हाला आवडला. पण डोक्यावरचे ते नेमके काय? मुंडासे, पटका, फेटा, साफा, पगडी हे शब्द आमच्याकडे एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. पगडी शिवून बसवलेली असते, डोक्यावर ठेवतात. फेटा दर वेळी नव्याने बांधतात आणि त्याचा शेमला पाठीवर सोडतात. मुंडासे शेतावर जाणारा माणूस उन्हासाठी गुंडाळतो, त्याला ऐट नसते. पहिला पेच कपाळावरून कुठे जातो यावरून माणसाचा मुलूख ओळखता येतो. आपल्या गटातले कलाकार जपानी पोशाखातल्या ओबीची, म्हणजे कमरपट्ट्याची, गाठ चुकवणार नाहीत. हीच नजर इथे हवी.

योगाचेही तसेच. जिंकल्यावर पद्मासनात तरंगणारा धालसिम सगळ्यांना आठवतो. पद्मासन म्हणजे नुसती मांडी घालणे नव्हे. उजवे पाऊल डाव्या मांडीच्या मुळाशी, डावे पाऊल उजव्या मांडीच्या मुळाशी, तळवे वर, टाचा बेंबीच्या दोन बाजूंना, गुडघे जमिनीला टेकलेले, कणा ताठ. हे जमले की श्वास छातीतून पोटात उतरतो आणि खांदे आपोआप सैल पडतात. त्याच्या उभे राहण्याच्या हालचालीत हा श्वास दिसला पाहिजे. लांब फटक्याच्या आधी श्वास आत, हात निघताना बाहेर. समोरच्या खेळाडूला हल्ल्याची सूचना देण्याचेही हे प्रामाणिक साधन होईल. पाहण्यासाठी जागा हव्या असतील तर लोणावळ्याची कैवल्यधाम ही 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापलेली संस्था आहे, आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था. दोन्हीकडे जगभरातून लोक शिकायला येतात.

'स्ट्रीट फायटर 6'च्या 'वर्ल्ड टूर' या एकट्याने खेळायच्या कथाभागात भारतातले त्याचे ठिकाण 'धालसिमर टेंपल' या नावाने आहे. आमच्या कानाला हे देवळाचे नाव वाटत नाही. देऊळ देवाच्या नावाने ओळखले जाते, गावाच्या किंवा टेकडीच्या नावाने ओळखले जाते. जिवंत माणसाचा असतो तो मठ किंवा आश्रम. 'धालसिमचा आश्रम' म्हटले असते तरी निम्मे काम झाले असते. 2010 च्या 'सुपर स्ट्रीट फायटर 4'मध्ये आपण भारतातला गजबजलेला रस्ता दाखवला होता. राजवाडा, देऊळ आणि रस्ता झाले. आता त्याचे गाव दाखवा. 'स्ट्रीट फायटर 4'च्या कथेत त्याच्या गावचे पाणी धरणामुळे आटले आणि तो त्याचा जाब विचारायला निघाला. 32 वर्षांत त्याला मिळालेले हे सर्वांत खरे कारण होते. धरण, आटलेली नदी, पाण्यासाठी चाललेली पायपीट हे महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांना सांगावे लागत नाही. ते दोन ओळींत संपले. तिथून पुढे लिहा. कोरडे पात्र, काठावरची विहीर, उतरत्या पायऱ्या आणि तळाशी थोडेसे पाणी असा एक लढतीचा मंच होऊ द्या.

आणि त्याच्या तोंडी आजही जपानी किंवा इंग्रजी आहे. पडद्यावरच्या मजकुराच्या भाषांतही भारतातली एकही नाही. सगळा गेम भाषांतरित करा असे आम्ही म्हणत नाही. लढत सुरू होताना, हरताना, जिंकताना अशी त्याची आठ-दहा वाक्ये एखाद्या भारतीय भाषेत, ती भाषा घरी बोलणाऱ्या नटाच्या आवाजात, एवढे पहिल्या पावलाला पुरे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत 'स्ट्रीट फायटर 5' पदकाचा खेळ होता आणि भारताचे खेळाडूही तिथे उतरले होते. त्यांच्या देशाचा माणूस त्यांच्या कानाला ओळखीचे चार शब्द बोलला, तर आपल्या कामात ते फार मोठे ओझे नसावे.

या सर्व गोष्टींसाठी लागेल तेवढी तपशीलवार टिपणे, बांधलेल्या फेट्याची कोन बदलून काढलेली छायाचित्रे आणि उच्चारांची ध्वनिमुद्रणे मराठी खेळाडूंकडून विनामूल्य मिळू शकतील. कोणत्या रूपात हवीत तेवढे कळवावे.

आपले,
धालसिम खेळणारे मराठी खेळाडू

ता. क. : कथेत त्याच्या मुलाचे नाव दत्त आहे. आमच्याकडे हे नाव घराघरांत असते, औदुंबराखालच्या देवाचे म्हणून. नव्या भागात ते कुणाच्या तोंडी येणार असेल तर नटाला एवढे सांगा: 'द' आखूड, त्यानंतर जीभ वरच्या दातांमागे टेकवून 'त्त' वर क्षणभर थांबा. जिभेचे टोक वर वळून टाळूला लागले तर तो 'ट' होतो आणि मग हाक मारलेली त्या मुलाला कळणार नाही.